हिरव्या रंगाखालचं लेथ

२००४ साली लष्करी वर्कशॉपमधून हवालदार म्हणून सुटलो. पुढची पोस्टिंग घरी, अंजूरला. रोल कॉल नाही, हुकूम सोडायला सीओसाहेब नाहीत. पहाटे पाचला जाग यायची आणि करायला काही नसायचं.

ती सोय मंगलवहिनींनी केली. त्या आमच्या युनिटच्या नाईक जाधवची पत्नी. तीन वर्षांपूर्वी तो ड्युटीवर असताना गेला. सासऱ्यांचं जवळच्या वडपे गावातलं वर्कशॉप आता त्यांच्याकडे आलं होतं. आत सासऱ्यांचं पट्ट्यावरचं लेथ होतं, वयाने माझ्याहून मोठं, आणि सासरे गेल्यापासून बंद. लूमवाले अन्सारीभाई त्यांच्या यंत्रमागांच्या शाफ्टचं, म्हणजे फिरत्या दांड्यांचं, कायमचं काम द्यायला तयार होते, पण पहिला शाफ्ट सोमवारी हवा होता. नाहीतर दीर शेड गोडाऊनला द्यायच्या तयारीत.

शुक्रवारी ०९०० ला सुरुवात केली. रॉकेल, ब्रश, चिंध्या. दुपारी स्पिंडल, म्हणजे लेथचा मुख्य दांडा, हाताने फिरलं. मी खूश होऊन स्विच दाबला. दोन मिनिटांत बेअरिंगमधून धूर.

"तेल घातलं व्हतं?" वहिनींनी विचारलं.

तेल घालायला भोकंच सापडली नव्हती. नखाने खरवडलं. हिरवा रंग. त्याखाली हिरवा रंग. त्याखालीही तोच. मी समजलो. जनरलसाहेबांच्या इन्स्पेक्शनआधी आमचं युनिट जे जागचं हलत नसे ते रंगवायचं. एकदा तर आगीच्या बादल्यांतल्या वाळूवर कंगवा फिरवला होता. साहेबांनी चहा घेतला आणि गेले. जाधवला सुट्टी लेथ चालवायला पुरत नसे, रंगवायला पुरायची. भोकांसकट रंगवायचा. त्याला ब्रश धरायला शिकवणारा हवालदार मीच.

वहिनींना सांगितलं, रंग उतरवावा लागेल. वरचा थर जाधवच्या शेवटच्या सुट्टीतला होता. मी चहाला म्हणून बाहेर पडलो. परत आलो तेव्हा त्या पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडत होत्या.

"रंगाचं काय लोणचं घालायचं हाय, भाऊजी? त्यांनी मशीनला फौजेत भरती केलेली. चला, भोकं कुठं हायेत ती दाखवा."

सात भोकं निघाली. ती तारेने मोकळी केली. बेअरिंगमधलं करपलेलं बुश घासून पुन्हा बसवलं, त्यात शनिवार गेला. रविवारी १६४० ला पट्टा चढवला. लेथ फिरलं. धूर नाही. पहिला शाफ्ट वहिनींनीच कापला. सासऱ्यांनी शिकवलं होतं.

सोमवारी अन्सारीभाईंनी शाफ्टवर अंगठा फिरवला. "भाभी, नया मशीन लिया क्या?"

"वही है, भाई. मिलिटरी से रिटायर किया."

काम मिळालं. शेड राहिली.

नाईक जाधव बर्फात अडकलेला ट्रक ओढून काढताना रस्त्याची कडा ढासळल्याने गेला. ट्रकच्या ड्रायव्हरला त्याने आधीच खाली उतरवलं होतं. मागचा एक पाय सोडला तर लेथवर सगळीकडे आता उघडं लोखंड दिसतं. त्या पायाला तेल लागत नाही. तिथला रंग आम्ही दोघांनीही खरवडला नाही.