डिझेल की दगडाचं तेल

दिल्लीच्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गुडगावला राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या मागे मोहरीची शेतं होती आणि वीज आपल्या मर्जीने यायची. ह्यांनी सरकारी नोकरी सोडून नव्याने आलेल्या एका परदेशी तेल कंपनीत काम धरलं होतं. अजून कायम व्हायचे होते, आणि क्वार्टर तर परत देऊन बसलेलो!

ह्यांचं काम म्हणजे तेलाचं कूळ शोधायचं. मला शाळेत विज्ञानाची धडकीच भरायची, पण जेवताना ऐकून ऐकून शिकले. बाळ बघायला गेल्यावर आपण बायका नाही का म्हणत, नाक आजीचं, कपाळ बापाचं? तसंच ते. फार फार पूर्वी समुद्राच्या तळाशी शेवाळ गाडलं गेलं, त्या गाळाचा काळा दगड झाला, दगड तापून त्यातून तेल सुटलं. त्या शेवाळाच्या खुणा दगडातही राहतात आणि तेलातही. दोघांचे आलेख शेजारी ठेवायचे आणि शिखरं जुळवायची.

तर एका नव्या विहिरीचं तेल ह्यांनी तपासलं आणि लिहून दिलं, हे खालच्या काळ्या दगडाचंच. साहेब हसले. म्हणाले, "भाई साहब, ये तो डिझेल है!" खोदताना पाइप अडकला की तो सुटावा म्हणून विहिरीत डिझेल ओततात, तेच वर आलं असणार. म्हणजे विहीर कोरडी आणि ह्यांचा अहवाल खोटा. मग कायम कोण करतंय?

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"वाटून काय उपयोग? मी हलका भागच पाहिला होता, तो डिझेलसारखा दिसू शकतो. आता जड भाग तपासतोय. रिफायनरीत त्या जड खुणा मागेच राहतात, डिझेलमध्ये उतरत नाहीत."

तोवर मी कुकर आणि तव्याचं खोकं तेवढं उघडलं होतं. शेजारची पंजाबी भाभी दारातून डोकावून म्हणाली, "भाभीजी, सामान अभी तक बंद? भागने का इरादा है क्या?" मी हसले, पण बाकीच्या खोक्यांना हात लावला नाही. त्यात वीज गेली, खाली जनरेटर सुरू झाला आणि डिझेलचा भपकारा घरात. म्हटलं, मेल्या, आजच यायचं होतंस?

ह्यांनी सकाळी सांगून ठेवलं होतं, "जुळलं तर फोनची एक रिंग देऊन ठेवीन. उचलू नकोस, उगाच कॉलचे पैसे पडतात. नाही जुळलं तर घरी आल्यावरच बोलू."

दुपारी फोन वाजला. एक रिंग. मी हात जोडले, तोच दुसरी. मग तिसरी. थांबेचना! हे एका रिंगेत ठेवणार होते, मग हा कुणाचा? उचलावा की नको, मी तिथेच उभी. शेवटी उचलला.

"अगं, झोपलीस की काय? उचलत का नाहीस?"

"तुम्हीच तर उचलू नकोस म्हणालात!"

"अरे हो, विसरलोच! जुळलं गं. एकूण एक शिखर जुळलं. साहेबांनी स्वतः कागदावर कागद ठेवून पाहिला. बिल्कुल त्या दगडाचंच लेकरू!"

मी फोन ठेवला. शेजारच्या खोक्याची पट्टी फाडली आणि चांगले कप बाहेर काढले. भाभीला हाक मारली, "आओ जी, चाय पीयो. अब नहीं भागते हम!"