तेवीस जणींचा भाऊ

मुंबईत मला ज्या विद्येची पदवी मिळाली, तिचं नाव वडिलांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. निम्मी समाजसेवा आणि निम्मी करमणुकीची व्यवस्था, असा तो बी.ए.नंतरचा दोन वर्षांचा अभ्यास होता. गरिबांनी फावल्या वेळात काय करावं हे तिथं शिकवत. शिकवणाऱ्यांना स्वतःच्या फावल्या वेळाचं काय करावं ते कळत नसे, म्हणून ते रविवारीही वर्ग घेत. वडील बीडला कारकून होते. कुणी विचारलं की ते सांगत, पोरगी मुंबईला खेळायला शिकतीय, आणि विचारणारा त्यांना पान देई.

त्यांनी मला जाऊ दिलं ते एका अटीवर. पास झाले तर नोकरी करायला मोकळी, नापास झाले तर बीडच्या एका वकिलाशी लग्न. वकिलाच्या दोन बायका देवाघरी गेल्या होत्या आणि तिसरीसाठी त्यानं नवा कोट शिवून ठेवला होता. "खेळातबी नापास झालीस, तर मग संसारच कर," असं वडील म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

शेवटच्या सहामाहीत खेड्यात जाऊन बायकांचा करमणूक वर्ग चालवायचा आणि प्राध्यापकांनी येऊन तो पाहायचा, अशी परीक्षा होती. निदान वीस बायका खेळताना दिसल्या पाहिजेत. मी चकलांबा निवडलं, कारण तिथं माझी मावशी होती आणि खाण्याजेवण्याची ददात नव्हती. ग्रामसेवेची तळमळ वगैरे मी अर्जात लिहिली होती.

निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. कचेरीतल्या पेशकारानं विचारलं, खेळात भाषण आहे का, झेंडा आहे का? मी नाही म्हटलं. मग बायका जमून करणार काय? मी म्हटलं, हसतील. त्यानं टाक खाली ठेवला, बराच विचार केला आणि शेवटी उर्दूत लिहून दिलं की दिवस मावळायच्या आत हसायला सरकारची हरकत नाही.

मावशीच्या अंगणात पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या आणि डोक्यावरून पदर ओढून भिंतीला टेकून बसल्या. मी मुंबईहून आणलेली शिट्टी फुंकली. गावात शिट्टी फुंकायचा तो फक्त पोलीस, त्यामुळे दोघी लगेच उठून घरी गेल्या. उरलेल्यांना मी गोल करायला लावून रबरी चेंडू दिला. ज्या बाईकडे चेंडू जाई ती तो ओटीत घेऊन बसे, आणि मागितला की मुकाट्यानं परत देई. आठवडाभर हेच चाललं. मी वहीत लिहिलं, ‘समूहात खेळाची जाणीव अविकसित.’ आज ती वही सापडली तर मी चुलीत घालीन.

खरं कारण मला सांगितलं मावशीच्या सुनेनं. नात्यानं ती माझी वहिनी, वयानं माझ्याहून पाच वर्षांनी लहान. भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, ह्या समद्या सुना हायत. सून सासरी कशी खेळंल? खेळायचं ते मायेरी."

तिनं मला सगळं समजावून सांगितलं. पंचमीला भाऊ न्यायला येतो, पोर माहेरी जाते, चार दिवस फुगड्या घालते, परत येते, पदर घेते, की वर्षभराची करमणूक संपली. दोन वर्षं जाडजूड पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते तिनं एका भाकरीत सांगितलं. ती स्वतः तीन वर्षांत खेळली नव्हती. वडील लहानपणीच गेलेले, एकुलता भाऊ प्लेगात गेला, आणि आई एकटीच शिरूरला. न्यायला माहेरचा पुरुष आल्याशिवाय सून धाडायची नाही, ही रीत. मावशी काही दुष्ट नव्हती. कुणाबरोबर धाडू गं हिला, असं म्हणून ती खरंच डोळे पुसायची, आणि मग वहिनीला शेण भरायला सांगायची.

ओढ्यापलीकडे एक म्हातारी बागवानीण राहायची. सीताफळं विकायची. सगळं गाव तिला खाला म्हणे. तिच्या अंगणाला उंच भिंत होती, म्हणून मी जागा मागायला गेले आणि सुनांची अडचण सांगितली. खाला तोंडातलं पान सांडेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आजपासून माजं अंगण तुमचं मायेर. मायेरात सासवांचं काय काम हाय?"

सासवांची पंचाईत झाली. न बोलावता सुनेच्या माहेरी पाय ठेवायचा नाही, हा त्यांचाच कायदा. तिसऱ्या दिवशी खालाच्या अंगणात तेवीस जणी होत्या. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, पिंगा झाला. चाळिशीची एक बाई गिरकी घेता घेता कोंबड्यांच्या खुराड्यावर बसली आणि तिथंच हसत राहिली. माझा चेंडू कुणी विचारला नाही. मलाही कुणी विचारलं नाही, आणि इतकं बरं मला मुंबईत एकदाही वाटलं नव्हतं.

मग प्राध्यापक आले. मराठी मुलखातले नव्हते, मराठीचा एक शब्द येत नव्हता. गेवराईपासून बैलगाडीत बसून त्यांची हॅट एका बाजूला आणि चेहरा दुसऱ्या बाजूला गेला होता. खालानं त्यांना दारातच अडवलं. परका पुरुष माहेरात कसा येईल? आत निम्म्या बायका पदर घेऊन मागच्या भिंतीकडे निघाल्याही होत्या. मला वकिलाचा कोट दिसायला लागला.

खाला म्हणाली, भाऊ म्हणून येत असेल तर येऊ दे, भावाला माहेरात कोण अडवतंय. मी तत्काळ हो म्हणून टाकलं. प्राध्यापकांना विचारायची सोय नव्हती. ज्यांची सेवा करायची त्यांच्याशी नातं जोडायचं नाही, हा त्यांचा सर्वांत लाडका नियम होता, आणि तो मोडला म्हणून आदल्या वर्षी त्यांनी एकाला नापास केलं होतं. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, ही इथली स्वागताची पद्धत आहे.

त्यांना पाटावर बसवलं. तेवीस जणींनी पाळीपाळीनं कुंकू लावून ओवाळलं. ताटात काहीतरी टाका म्हटल्यावर त्यांनी खिसे चाचपले आणि प्रत्येकीच्या ताटात खोकल्याची एकेक गोळी ठेवली. बायकांनी भावाची ओवाळणी म्हणून ती पदराच्या गाठीला बांधली. मग अशा काही खेळल्या की अंगणातली धूळ खाली बसेना. वहिनी सगळ्यांत जास्त खेळली. जोडीदारीण थकली की दुसरी ओढायची, दुसरी थकली की तिसरी. प्राध्यापक पेन्सिलीनं भराभर लिहीत होते. मी मनातल्या मनात वकिलाला निरोप दिला.

खेळ संपला तशी वहिनी धापा टाकत त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. पदर खांद्यावर होता, आणि माहेरातच होती म्हणून तिनं तो डोक्यावर घेतला नाही. म्हणाली, "दादा, पंचमीला मला न्यायला येनार ना? माय वाट बघती."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, ही काय म्हणते?

खरं सांगितलं असतं तर नातं जोडल्याचं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, या वर्गाचा आपल्याला फार फायदा झाला, असं म्हणते आहे. ते खूश झाले. तिच्याकडे पाहून हसले आणि दोनदा मान हलवली. वहिनीनं ती मान पाहिली आणि त्यांच्या पाया पडली. मी तिथंच होते. तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. गाव सोडेपर्यंत मी सांगितलं नाही, कारण निकाल लागायचा होता.

मी पहिल्या वर्गात पास झाले. तिचं वाक्य, म्हणजे माझं, प्राध्यापकांनी अहवालात जसंच्या तसं घातलं. मला मुंबईत नोकरी लागली. वकिलानं तो कोट दुसऱ्या कुणासाठी घातला.

पुढच्या श्रावणात मावशीनं कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. पंचमीच्या आधी दोन दिवस तुझी वहिनी गाठोडं बांधून ओट्यावर बसून होती, तुमचा मुंबईचा साहेब काही आला नाही, असं त्यात होतं. न्यायला पुरुषच लागतो हे मला माहीत होतं, पण खालानं पाणवठ्यावर एका वाक्यात माहेर उभं केलं होतं, त्यापुढं मीच तिला शिरूरला नेऊन ही रीत मोडणं काय अवघड होतं? पत्र आलं तेव्हाही माझी दहा दिवसांची रजा शिल्लक होती. मी ती घेतली नाही.