राजानंदचे चार स्पीकर
जाफराबादच्या राजानंदने आपल्या स्वस्त, साध्या विजेच्या पिकअपला रंगीत दिवे आणि चार भलेथोरले स्पीकर लावून नवरीसारखी सजवली होती. आज तिच्यात कांताबाईंचे रेशीमकोष होते आणि त्याच्या शेजारी स्वतः कांताबाई. आजच जालन्याच्या बाजारात पोचले नाहीत, तर पतंग कोष फोडून बाहेर येणार, आणि फुटक्या कोषातून धागा निघत नाही. अजून बारा किलोमीटर होते आणि चार्जिंग सात टक्के.

"गाणे बंद कर, मेल्या!"

"कव्हाच केले, मावशी."

"मंग मी उतरते. वजन तरी कमी होईल."

"बसा. तुमच्यापेक्षा माझे स्पीकर जड हायेत."

राजानंदने टपरीपाशी गाडी थांबवली, पाना काढला आणि चारही स्पीकर चहावाल्याच्या हवाली केले.

एक टक्क्यावर गाडी बाजारापाशी पोचली, पण इतकी गुपचूप, की कुणाला पत्ताच लागला नाही. शेवटी कांताबाईच गरजल्या, "फाटक उघडा रे, राजानंद आलाय!"