पाठीची गोळी

"तोंड उघड. जीभ वर कर."

गंगापूर रोडवरच्या पैठणीच्या भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर शेठ मला म्हणाला. काचेजवळ माग मांडलेला. लोकांना विणताना दाखवायला त्यानं मला येवल्याहून आणून बसवलेलं. माझ्या हातून जरीचा धागा तुटला, तर त्याला वाटलं मी जिभेखाली गोळी ठेवलीय. जिच्या मुलीच्या लग्नाचा पदर मी विणत होते, ती बाई शेजारीच उभी. मी तोंड उघडलं. चाळिशीची बाई मी, लहान पोरीसारखी जीभ वर केली. तिनं वाकून आत बघितलं.

"बाई असून नशा करते?"

शेठ हसला. ही माणसं अशीच, म्हणाला.

आणि गोळीची सवय लावली कुणी? यानंच. येवल्यात त्याच्या शेडमध्ये आम्ही बायका माग चालवायचो. लग्नसराईत पाठ धरली की सकाळच्या चहाबरोबर स्वतः वाटायचा. पाठीची गोळी आहे, घ्या आणि बसा. मला वाटलं, देवमाणूस. मेल्याला माझ्या पाठीची नाही, पदराची काळजी होती. पुढं पाठ राहिली बाजूला. गोळी नसली की अंग मोडायचं, नाक गळायचं, जुलाब लागायचे. घेतली की पोट साफ नाही, झोप नाही, भाकरी मातीसारखी. सख्ख्या भाचीच्या लग्नात मी मागच्या खोलीत गोधडी घेऊन पडून होते. याला काय जगणं म्हणायचं?

त्या दिवशी तोंड मिटलं आणि मागावरून उठले. पदर अर्धा. शेठ ओरडला, गेलीस तर परत पाय ठेवू नको. नाहीच ठेवला.

जाऊबाईनं सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं गोळीची सवय सुटावी म्हणून समोर बसवून जिभेखाली औषध देतात. विरघळलं का बघायला सिस्टर म्हणाली, "ताई, तोंड उघडा बरं." ताई म्हणाली. मी तिथंच ढसाढसा रडले. आता झोप लागते, जेवण जातं. पाठ दुखते, लय दुखते. तरी घरच्या मागावर थोडं थोडं बसते.

मग एक दिवस शेठची गाडी दारात. आमच्या कामात प्रत्येकीच्या हाताचा ठोका वेगळा. अर्ध्यात दुसरी बसली की कापडात रेघ दिसते. त्यामुळं तो पदर तसाच अडकलेला आणि लग्न जवळ आलेलं.

"झालं गेलं विसर. पाठीचं मी बघतो," म्हणाला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढून ओट्यावर ठेवली.

खोटं कशाला बोलू, हात शिवशिवला. जाऊबाईनं पट्टी उचलून कमरेला खोचली. तेव्हा मला बोलता आलं.

"शेठ, तो पदर सडला तरी माझा हात लागणार नाय."

नशेखोर बाईचं कोण ऐकतंय, म्हणाला आणि गेला.

ऐकायला लावीन. पट्टी जोडून औषध खात्यात तक्रार दिलीय, माझ्या नावानं. त्याच्या शेडमधल्या एकेकीच्या घरी जाऊन बसते. माझं काय झालं ते सांगते, जुलाबासकट. दोघी त्याच्या मागावरून उठल्या. बाकीच्याही उठतील. मला त्याची माफी नको. त्याचे सगळे माग बंद पडलेले पाहिजेत, आणि शटर ओढताना त्याला समोर मी उभी दिसले पाहिजे.