विजेत्याची शाल

कपाट उघडलं की कोशाच्या रेशमी कापडाचा तो तुरट, उबदार वास येतो आणि मी थेट मोहाडीच्या घरी, टीव्हीसमोर जाऊन बसते. आशियातल्या व्यावसायिक गोल्फची एक नवी स्पर्धा चालू होती. विजेत्याला पांघरायची करवत काठाची शाल आमच्या हातमागावर विणलेली होती, म्हणून माग थांबवून सगळं घर खेळ बघत होतं. खेळ मात्र कोणालाच कळत नव्हता.

टीव्हीवरचा माणूस एकाच खेळाडूबद्दल सारखा ओरडत होता, "बर्डी! बर्डी!"

बाबा वैतागले. "हा घडीघडी बर्डीले काहून जाऊन राहिला? खेळ सोडून बाजार करते का?"

आमच्याकडे बर्डी म्हणजे नागपूरची सीताबर्डीची बाजारपेठ. ठरल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन तो पांढरा चेंडू खळीत घातला की त्यालाही बर्डी म्हणतात, हे आम्हाला कोण सांगणार?

"जाऊ द्या ना," आई म्हणाली, "शाल घ्याले तरी वापस येईनच."

तोच जिंकला. शाल त्याच्या खांद्यावर पडली, काठावरचे करवतीचे दात पडद्यावर लख्ख दिसले, आणि बाबा एवढंच म्हणाले, "काठ सरळ आहे."

तेव्हा मला वाटलं होतं, त्या खेळानं आमच्या कापडाला मोठं केलं. स्पर्धा वर्षभरातच बंद पडली. पुढच्या विजेत्यासाठी विणलेली शाल घरीच राहिली. माग अजून चालतो आहे.

आज बर्डीत आमच्या कापडाचं दुकान उघडतंय. तीच शाल खांद्यावर टाकून मी निघाले आहे. विजेत्यासाठीच विणली होती ना!