चेनवाले सहादूमामा

आमच्या कॉलनीत पक्की बातमी होती की सहादूमामा चेन मार्केटिंगला लागलेत. पुरावेही तगडे. दर गुरुवारी साडेपाचला इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी आणि देवळाली कॅम्पची बस. कुठे निघालात विचारलं की, "मीटिंग हाय." फोनवर कुणाला तरी सांगणं, "आजचा दिवस काढ. उद्याचं उद्या बघू." हे टार्गेटचंच बोलणं, दुसरं काय! मामा जिन्यात दिसले की अक्काबाई दार लोटून आतूनच ओरडायच्या, "आमच्याकडं पाण्याचं मशीन हाय बरं का, सहादू! साबणबी लय हाय!"

खरं तर मामा दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जात होते. पण अफवेचा एक पाय खरा होता.

मामा पंपाच्या मोटारी भरतात. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. निफाडपासूनचे द्राक्षवाले त्यांच्याकडे यायचे. मग हात थरथरू लागले. सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय तार खाचेत बसेना, आणि दोन घोटांवर थांबणं मामांना जमेना. एका मोसमात तीन मोटारी परत आल्या. हात गेले की धंदा गेला, हे मामांनाही कळत होतं. शेवटी सुमनमामींनी दवाखान्याच्या भिंतीवरचा नंबर लिहून आणला आणि स्वतःच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "कॅम्पातली शाळा, पहिला मजला, गुरुवारी साडेसहा. नुसतं यायचं."

मामा घाबरले होते, एक मजला जास्तच चढले.

तिथे टाय लावलेल्या एका पोरानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "या सर, या! आयुष्य बदलायला तयार आहात ना?"

"त्यासाठीच आलोय," मामा म्हणाले.

टाळ्या वाजत होत्या. एकेक जण उठून आपण आधी काय होतो, आता काय झालो ते सांगत होता. मामांना वाटलं, हेच ते. पाळी आली तसे उठले, टेबलाची कड धरली आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "मी सहादू. मी लय दारू पितो. मला सोडायचीय."

पंखा तेवढा फिरत राहिला. मग टायवाला सावरला. "एक्सलंट, सर! त्यावरसुद्धा आपला कोरफडीचा ज्यूस आहे."

बाटली गळ्यात पडली तेव्हा कुठे सुटका. जिना उतरताना खालच्या वर्गातून आवाज आला, "मी बंटी, मी बेवडा आहे," आणि दहा-बारा गळे एकदम, "नमस्कार, बंटी!" मामा दारातच थबकले. तिसरीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसं बसलेली, भिंतीवर सतराचा पाढा. बंटी रिक्षावाला. त्यानं मामांच्या हाताकडे बघितलं. "या काका, बसा. पण बाटली घेऊन इथं येणारे तुम्ही पहिलेच."

मामांना हसू आलं, आणि हसता हसता ते बसले.

तिथलं बोलणं तिथंच ठेवायचं, असा नियम. म्हणून कॉलनीत नुसतं "मीटिंग". चेनची बातमी कानावर आली तेव्हा मामा वैतागले. मामी शांतपणे पोळ्या लाटत म्हणाल्या, "म्हणू द्या की चेनवाला. बेवड्यापेक्षा बरंय."

आमची नि त्यांची भिंत एक, त्यामुळे खरं मला माहीत होतं. पण मी कॉलनीतल्या पोरांना नकला करून दाखवायचे, आणि त्यात सगळ्यात चालणारी मामांचीच: पिऊन घरी येणारे मामा. दाराच्या कडीशी भांडणारे, चप्पल काढताना तिची माफी मागणारे. एकदा जिन्यात ती ऐन रंगात आली आणि समोरची पोरं पांगली. मागे मामा.

"थांबलीस का गं?"

"सॉरी, मामा."

"सॉरी नको, पैज लाव. आजपासून वर्षात घेतली, तर रोज कर, तिकीट लावून. नाही घेतली, तर एकदाच करायची. मी सांगीन तिथं, माझ्यासमोर."

त्यांच्या आधीच्या तिन्ही शपथा मी भिंतीआडून ऐकल्या होत्या. "लागली," मी म्हटलं.

आठव्या महिन्यात पैज मी जवळपास जिंकलेच होते. निफाडच्या एका बागायतदाराची मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. खूश होऊन त्यानं मळ्यातच दारूचा खंबा काढला. "घ्या मामा! काय हात झालाय तुमचा!" तो हात मामांनी खिशात घातला नि तिथंच ठेवला. स्टँडवर येऊन बंटीला फोन लावला.

"बंट्या, समोरच दुकान हाय."

"दुकान नका बघू. बसच्या पाट्या वाचा. मोठ्यानं."

"येवला... लासलगाव... पिंपळगाव..." लोक बघत होते. नाशिकची गाडी लागेपर्यंत मामा वाचत राहिले.

वर्ष झालं त्या गुरुवारी मीटिंगला घरच्यांनाही बोलावणं होतं. मामांनी मामींबरोबर मलाही नेलं आणि फळ्यासमोर उभं केलं. "हं. कर."

केली. जिना झाला, कडी झाली. बंटी डोळे पुसत ओरडला, "अरे, हा तर मीच!" वर्ग हसून लोटपोट. मामा तेवढे हसले नाहीत. घरी येणारा तो माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता, म्हणून नीट बघत होते. मी चप्पल काढून तिची माफी मागितली.

"चुकलं," मामा म्हणाले. "मी आधी डावी काढायचो."

मागच्या बाकावरून मामी म्हणाल्या, "तुम्ही कुठं काढायचात? दोन्ही मीच काढायचे."

मामांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"घाल ते पण नकलेत," ते मला म्हणाले.

पण नक्कल एकदाच करायची होती, आणि पैज मी हरले होते.