नसीबाबाईंचा लाल पट्टा

नसीबा खोत या बाईंनी माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं माझ्या सासूनंही खाल्लं नसेल. आणि तरी कुणी विचारलं, की दौलत, कचेरीत एवढी वर्षं काढलीस, मान कुणाला द्यावासा वाटला, तर मी दुसरं नाव घेणार नाही.

मी अंजूरचा. भिवंडीतल्या एका कचेरीत शिपाई होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या पोटात दुखायला नको. शहरात ताप किती, जुलाब किती, कावीळ किती, हे आकडे दवाखान्यांतून रोज यायचे आणि आमच्याकडे त्यांचे तक्ते व्हायचे. साहेबांच्या केबिनमध्ये भिंतभर एक बोर्ड होता. साहेबांनी सकाळी खुर्चीत बसावं, बोर्डाकडे बघावं आणि कुठे काय चाललंय ते त्यांना कळावं, एवढंच त्या बोर्डाचं काम. पण शहाऐंशी सालापर्यंत तो बोर्ड चिंधू नावाच्या कारकुनाकडे होता. माणूस हौशी. प्रत्येक वॉर्डाला वेगळा रंग, पट्टे बिल्डिंगसारखे उभे केलेले, त्यांना सावल्या, कोपऱ्यात फुलं. पाहुणे आले की "वा, वा" करायचे. ताप नक्की कुठे वाढलाय ते मात्र चिंधूलाच विचारावं लागायचं.

चिंधू रिटायर झाला आणि नसीबाबाई आल्या. नारपोलीच्याच. त्यांचे वडील नूर मोहम्मद चौकटीच्या कागदावर साडीच्या काठाची नक्षी काढून द्यायचे. कारागीर तो कागद लूमवर टांगायचा आणि विणता विणता त्याच्याकडे बघायचा. एक चौकट चुकली तर अख्खं थान वाया. बाई त्याच कागदांवर लहानाच्या मोठ्या झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी चिंधूची फुलं पुसली. मी म्हटलं, "बाई, अहो, चांगली दिसत होती की!"

"दौलतभाऊ, फुलं दिसत होती. ताप दिसत नव्हता."

तेव्हापासून माझ्या मागे साडेसाती लागली. नवा तक्ता झाला की बाई मला बोलवायच्या. मी समोर उभं राहायचं, त्या तोंडातल्या तोंडात पाच मोजायच्या आणि तक्ता उलटा करायच्या. "बोला, काय दिसलं?" मी चौथी पास. सांगता आलं नाही की त्या एक शब्द न बोलता सगळं खोडून परत बसायच्या. एकदा एका तक्त्यासाठी मला सहा वेळा उभं केलं. मी चिडून म्हटलं, "बाई, मी शिपाई हाय, चष्म्याचा नंबर काढायला आलेला न्हाय!" त्या हसल्या, पण सातव्यांदा उभं केलंच.

त्यांचे कायदे ठरलेले. सगळे पट्टे करडे. जिथे आज माणूस धावला पाहिजे तेवढाच लाल. सगळ्यात मोठा पट्टा वर, मग उतरत खाली. आणि मथळ्यात नुसतं 'मे महिन्याचा अहवाल' असं लिहायचं नाही, काय झालंय ते सरळ वाक्यात लिहायचं. पट्टा शून्यापासून सुरू झालाच पाहिजे, यावरून तर त्या साहेबांशी भांडल्या. साहेबांचं म्हणणं, लसीकरणाचा पट्टा ऐंशीपासून सुरू करा, म्हणजे यंदाची वाढ डोळ्यात भरेल. बाई म्हणाल्या, "सर, वाढ दोनाची आहे. दोनाएवढीच भरू दे." साहेब आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग एक्क्याण्णव सालचा मे उजाडला आणि नारपोलीत कावीळ सुरू झाली. लूमवर माणसं गळ्यात काविळीची माळ घालून उभी. तीन आठवड्यांत बासष्ट रोगी. बाईंनी दवाखान्यांचे केसपेपर मागवले, एकेकाचा पत्ता काढला आणि गल्लीवार तक्ता केला. मला उभं केलं. पाच कशाला, दोनातच कळलं. एक लाल पट्टा भिंत फोडून बाहेर आल्यासारखा, बाकीचे एवढे एवढे. मथळा: 'निम्मे रोगी एका गल्लीत, एका पत्त्यावर.'

"दिसलं?"

"दिसलं. कमळाची खानावळ," मी म्हटलं. पास केला मीच तो तक्ता. हे सांगायला आजही जीभ जड होते.

कमळा ही आमच्याच बाजूची, खाडीकाठच्या गावातली. नवरा गेल्यावर नारपोलीत खानावळ काढली. एकशे दहा लूम कामगार तिच्याकडे दोन वेळ जेवायचे. साहेबांनी बोर्ड बघितला, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "याला म्हणतात तक्ता!" दुपारी आमचीच माणसं गेली, चुलींत पाणी ओतलं, दाराला सील ठोकलं. परवाना कायमचा रद्द करायचा की नाही ते सोमवारच्या समितीत ठरायचं होतं. ठरायचं कसलं, ठरल्यातच जमा होतं. त्या दिवशी मी सगळ्यांना आमच्या बाईंचं कौतुक सांगत फिरलो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कमळा कचेरीत आली. बरोबर तिची सात-आठ वर्षांची मुलगी. मी अडवायच्या आत ती केबिनमध्ये शिरली. साहेब नव्हते, बाई बोर्डाशी होत्या. कमळाला अक्षर येत नाही, पण ती तडक त्या लाल पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ही मीच ना गो बाय?"

बाई मार्कर हातात धरून तिच्याकडे वळल्या.

"मना वाचता येत न्हाय, तरी कललं बघ. एवरा चांगला काढलास तू!" आणि मग तिचा आवाज चढला. "मी तेच जेवतंय, माझी पोर तेच जेवतंय. तेच पानी पितंय. बघ हिचं डोलं! पिवलं हायत? सांग ना, पिवलं हायत?"

पोरीचे डोळे पांढरेशुभ्र होते. बाईंनी वाकून नीट बघितले. मग हळूच विचारलं, "पण ताई, एकतीस रोग्यांनी तुमचाच पत्ता दिलाय. ते सगळे तुमच्याकडे राहतात ना?"

"राहतात?" कमळा कपाळावर हात मारून म्हणाली, "माझ्याकरं दोन खोल्या हायत, तिथं एकतीस माणसं राहतील? झोपतात ती लूमवर. डे शिफ्टवाला उठला की नाइटवाला त्याच चटईवर. पन मालक कारखान्याचा पत्ता देऊ देत न्हाय. मंग कागदावर काय सांगतील? माझा पत्ता सांगतात. गावाची पत्रं माझ्याकरं, मनीऑर्डर माझ्याकरं, रेशनकार्ड पन माझ्याच पत्त्यावर. आख्ख्या नारपोलीला ठावं हाय!"

आख्ख्या नारपोलीला ठाऊक होतं. बाई नारपोलीच्या, त्यांनाही ठाऊक होतं. मलाही होतं. पण केसपेपरवर लिहिलेलं दिसलं आणि आम्ही दोघांनी ते खरं धरलं. बाई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं, त्यांनी ग्लासला हातसुद्धा लावला नाही.

साहेब आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "आता काय करू? सील मीच ठोकलंय. मागे घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"सर, रोग दुसरीकडे आहे. खानावळ बंद करून तो थांबणार नाही."

"पुरावा आणा. सोमवारी सकाळी अकराला मिटिंग आहे."

शनिवार-रविवार बाई, कमळा आणि मी, आम्ही तिघं नारपोली पालथी घालत होतो. उन्हानं डोकं फुटायची पाळी. रोग्यांची यादी बाईंच्या हातात, पण खरी यादी कमळाच्या डोक्यात. "नूरुद्दीन? त्यो नाल्यावरच्या कारखान्यान, नाइटला. भात दोनदा घेतो. नवशा? त्यो पलीकरं, हायवेच्या अंगाला, त्याला तिखट चालत न्हाय." एकशे दहा माणसं, कोण कुठल्या कारखान्यात, कुठल्या शिफ्टला, तिनं धडाधड सांगितलं. आम्ही जाऊन पडताळलं, एकही चुकलं नाही. बाई प्रत्येक कारखान्यात एकच गोष्ट विचारत होत्या: "काम करताना पाणी कुठलं पिता?" एका मालकानं आम्हाला हाकलून दिलं. बाई दाराबाहेर उन्हात उभ्या राहिल्या आणि शिफ्ट सुटल्यावर एकेकाला धरून विचारलं. मी म्हटलं, "बाई, सावलीला तरी या." त्या म्हणाल्या, "मी आले तर हे लोक निघून जातील."

रविवारी संध्याकाळी आकडे जुळले. कमळाकडे जेवणाऱ्यांपैकी साठ जण नाल्याकाठच्या पाच कारखान्यांत कामाला, पन्नास जण दुसरीकडे. नाल्याकाठच्या साठांपैकी तीस जणांना कावीळ. दुसरीकडच्या पन्नासांपैकी फक्त एकाला. जेवण एकच, हात एकच, भांडी तीच. आणि कमळाचा पत्ता नसलेल्या बाकी एकतीस रोग्यांतलेही चोवीस त्याच पाच कारखान्यांचे निघाले. त्या पाचही टाक्या एकाच पाइपवर भरायच्या आणि तो पाइप नाल्याच्या पोटातून जायचा.

सोमवारी बाई नवा तक्ता घेऊन आल्या. दोनच पट्टे. कमळाकडे जेवतात आणि नाल्याचं पाणी पितात: लाल. कमळाकडे जेवतात आणि दुसरं पाणी पितात: नखाएवढा करडा. मला कुणी उभंही केलं नाही. साहेबांनी बघितलं, त्यांना पटलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "छान. जुना काढून टाका, हा लावा. चुकीबिकीचं बोलू नका. नवी माहिती हाती आली, एवढंच सांगू."

"जुना काढायचा नाही, सर. शेजारी राहू दे."

"बाई, वेड लागलंय का? समितीसमोर तक्ता चुकला म्हणालात तर पुन्हा तुमच्या एका रेघेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. पाच वर्षांची मेहनत आहे तुमची!"

"त्या बाईचीसुद्धा आहे, सर." बाई हलल्या नाहीत. त्यांनी मार्कर उचलला आणि जुन्या तक्त्यावर, लाल पट्ट्याला लागून, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हा तक्ता चुकीचा आहे. पत्ता म्हणजे राहण्याची जागा असं मी धरलं. चूक माझी. नसीबा खोत.'

अकराला मिटिंग सुरू झाली तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन आत होतो. समितीची नऊ माणसं. त्यातला एक हसला, म्हणाला, "म्हणजे आज हे खरं, उद्या आणखी तिसरं?" बाई म्हणाल्या, "चूक सापडली तर तिसराही आणेन, साहेब. पण आज पाइप खणा. मी चुकले असेन तर उद्या मला घरी बसवा." अध्यक्ष दोन्ही तक्त्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "खणा."

त्याच दुपारी खणलं. पाइपाला वीतभर चीर, आणि वरून नाला वाहतोय. टाक्या बंद झाल्या, टँकर लागले, पुढच्या दीड-दोन महिन्यांत नवे रोगी जवळजवळ थांबले. कमळाचं सील मंगळवारी निघालं.

मला वाटलं, झालं, सुटलो. कुठलं काय! बुधवारी कमळानं एकशे दहा माणसांचं रांधलं आणि जेवायला आली सहा. बोर्डावरचा पट्टा तोवर साऱ्या नारपोलीत तोंडोतोंडी झाला होता. खानावळ बंद केली तेव्हा दहा माणसं गेली होती, गल्लीनं डोळ्यांनी बघितलं होतं. सील काढायला मी एकटा गेलो होतो.

गुरुवारी दुपारी बाई मला म्हणाल्या, "दौलतभाऊ, शिडी घ्या." त्यांनी घरी बसून तिसरा तक्ता काढला होता, अक्षर एकही नसलेला. दोन्हीकडे तेच जेवणाचं ताट, खाली दोन नळ; नाल्याच्या नळाखाली निम्मी माणसं लाल, दुसऱ्या नळाखाली एकच, एवढंच. तेलुगु, हिंदी, कुठल्याही मुलखाच्या माणसाला कळावा असा. आम्ही तो खानावळीच्या दारावर ठोकला. मग बाई आत गेल्या आणि दारातल्या पहिल्या पाटावर, रस्त्यावरून दिसेल अशा बसल्या.

"ताट वाढा, ताई."

शिफ्ट सुटली होती. दारात गर्दी जमली. कचेरीतली मॅडम, जिनं खानावळ बंद केली तीच, त्याच खानावळीत जेवतेय. कमळानं भात, बोंबलाचं कालवण, भाकरी वाढली. पाण्याचा तांब्या आपटून ठेवला. बाई आधी पाणी प्यायल्या, सगळ्यांच्या देखत, घटाघट. मग जेवायला सुरुवात केली. दारातले दोघं-तिघं चपला काढून आत आले.

कमळा बाईंसमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "जेव पोटभर. पन मी माफ केलं असं समजू नको, बाय. माझ्या चुलीन पानी ओतलंय तुमी."

"नाही समजत," बाई म्हणाल्या. त्यांनी ताट पुसून साफ केलं, पैसे ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत त्याच पाटावर जाऊन बसल्या.